अकराशेची पंगत

रावेर तालुक्याला समुद्र नाही. त्यातल्या त्यात ओळखीचा समुद्र साडेचारशे किलोमीटरवर, आणि तोही मुंबईचा. तरीसुद्धा तालुक्यातल्या चारशे बारा केळीवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःचं जहाज घेतलं, कारण सहकारी संस्था काढायला समुद्र लागत नाही, सह्या लागतात. जहाजाचं नाव ‘तापीमाई’. ते शिडांवर चालायचं. तेल जाळणाऱ्या जहाजांना युरोपातल्या बंदरांनी दार बंद केल्यापासून जगातली निम्मी जहाजं पुन्हा शिडांवर आली होती. फक्त आता शिडं कापडाची नव्हती, पत्र्याची होती, आणि वारा बघून आपली आपण वळत. मुंबई ते इटलीतलं त्रिएस्ते, अठ्ठावीस दिवस.

केळ्यांना मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. त्यांना जेव्हा पिकायचं तेव्हा ती पिकत. म्हणून जहाजावर एक माणूस असा ठेवावा लागे, जो प्रत्येक कप्प्यातलं केळं तपासून सांगेल की हे अजून किती दिवस हिरवं राहणार. या हुद्द्याला वाचक म्हणत. ‘तापीमाई’वरच्या वाचकाचं नाव भाग्येश झोपे, वय एकोणतीस. पोहायला येत नव्हतं. अर्जात तसा रकानाच नव्हता.

नवव्या दिवशी, एडनच्या आखातात, भाग्येशनं सात नंबरच्या कप्प्यातलं केळं यंत्राखाली धरलं आणि पडद्यावरची रेघ बघून ते केळं तसंच हातात धरून उभा राहिला.

“झोपे,” कॅप्टन मुकादम दारातून म्हणाले, “पोपट काय बोलला?”

कॅप्टन बशीर मुकादम दाभोळचे. चाळीस वर्षं त्यांनी तेल, कोळसा आणि एकदा सर्कशीचा हत्ती वाहिला होता, पण केळ्यांइतका लहरी माल पाहिला नाही असं ते शपथेवर सांगत. यंत्राचं खरं नाव पर्णस्मृतिमापक. ते उच्चारेपर्यंत केळं पिकतं, म्हणून कॅप्टननी त्याचं नाव पोपट ठेवलं होतं.

“आठ दिवस,” भाग्येश म्हणाला. “आठ दिवसांनी सात नंबर पिकायला लागेल.”

“आणि आपल्याला जायचंय अजून एकोणीस दिवस.” कॅप्टननी टोपी काढून परत घातली. “करपा काय?”

भाग्येशनं पडद्यावरची रेघ पुन्हा एकदा बोटानं पडताळली.

इथं केळीविषयी थोडं सांगायला हवं. केळीचं झाड एकदा निसवलं, म्हणजे पोटातून केळफूल बाहेर पडलं, की त्याला नवं पान येत नाही. त्या दिवशी अंगावर जेवढी पानं असतील तेवढ्यांवरच पुढचे तीन महिने घड पोसायचा. आठ-दहा पानं असली तर ठीक. करपा नावाची बुरशी नेमकी तीच पानं खाते. आधी पिवळट रेघ उमटते, मग तपकिरी ठिपका, ठिपक्यात राखाडी डोळा, आणि शेवटी पान वाळून खोडाला लोंबतं. पानं गेली की केळं बारीक राहतं हे तर झालंच, पण ते उतावीळही होतं. अर्धपोटी वाढलेल्या केळ्याचा हिरवेपणा टिकत नाही, ते आधीच पिकायला घेतं. आणि पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं, जो शेजारच्या केळ्याला लागला की तेही पिकतं. एका खोक्यावरून कप्पा, कप्प्यावरून जहाज. दोन वर्षांपूर्वी संस्थेचं पहिलं जहाज त्रिएस्तेला पोचलं तेव्हा त्यात केळी नव्हती, शिकरण होतं. फक्त दूध घालायचं बाकी होतं.

त्यानंतर पोपट आला. केळ्यातला स्टार्च दाण्यादाण्यानं साठतो आणि प्रत्येक दाण्यावर रोज एक पदर चढतो. पानांनी दिवसभरात जितकी साखर केली, तितका पदर जाड. यंत्र सालीतून प्रकाश आत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून हे पदर मोजतं, केळफुलापासून कापणीपर्यंत, एकेक दिवस. म्हणजे एका हिरव्या केळ्यावरून कळतं की त्याच्या झाडाला कुठल्या दिवशी किती पानं होती. करपा असेल तर रेघ हळूहळू उतरते, घाटासारखी. गारपीट असेल तर करवतीसारखी दिसते.

सात नंबरची रेघ सातव्या आठवड्यापर्यंत सरळ चालली होती, आणि मग एका दिवसात जिन्याच्या पायरीसारखी खाली आली होती. बुरशी एका दिवसात एवढं खात नाही. हे सुरीचं काम होतं.

“हा कप्पा कोणाचा?” कॅप्टननी विचारलं.

“फिरक्यांचा. प्लॉट नंबर चार.”

“ते तुझं वाचून झालेलं दिसतंय,” कॅप्टन म्हणाले. “चेहऱ्यावर छापलंय.”

* * *

प्लॉट नंबर चार हिमानी फिरकेचा होता. चिंचोदे गावातल्या प्रल्हादअण्णा फिरक्यांची ही मुलगी वनस्पतिरोगशास्त्र शिकून आली, तेव्हा अण्णांनी तिला कौतुकानं एक प्लॉट दिला, आणि तोही असा, ज्यात करप्यानं एकही पान सोडलं नव्हतं. तिनं तीन वर्षं राबून तो निर्यातीच्या यादीत आणला. संस्थेनं तिला क्षेत्र अधिकारी केलं. वाचकांचं शिक्षण तिच्या प्लॉटवर व्हायचं आणि भाग्येशचंही तिथंच झालं. पाच वर्षांपूर्वी. यंत्र तेव्हा नुसतं कागदावर होतं, त्यामुळे पानं हातानं मोजायला लागत. सकाळी सातपासून दोघं ओळीच्या दोन बाजूंनी चालत. तो आठ म्हणाला की ती पलीकडून नऊ म्हणायची, आणि मग दोघंही त्या झाडाखाली येऊन वर बघत उभे राहायचे. बहुतेक वेळा नऊच असायची. भाग्येशला मोजता येत होतं. पण मग ती पलीकडच्या ओळीतून आली नसती.

इतर शेतकरी करपा दिसला की अख्खं पान कापून टाकत. हिमानी करपलेला तेवढा तुकडा कापायची, हिरवा भाग ठेवायची. दर गुरुवारी. त्यामुळे तिच्या केळ्यांची रेघ जगात कोणासारखी नव्हती: थोडी उतरायची, गुरुवार आला की थांबायची, पुन्हा थोडी उतरायची, पुन्हा थांबायची. भाग्येशनं गेल्या तीन फेऱ्यांत चाळीस कप्पे वाचले असतील, पण तिचा कप्पा तो सगळ्यात शेवटी, जेवण झाल्यावर, दार लावून वाचत असे.

मागच्या फेरीत एक गुरुवार चुकला होता. रेघ शनिवारी थांबली. भाग्येशनं दोन दिवस कसेबसे काढले आणि मग जहाजाच्या एकुलत्या एक उपग्रह लाइनवरून अधिकृत विचारणा केली: “प्लॉट ४. पौषातली एक छाटणी गुरुवारऐवजी शनिवारी. कारण कळवावे.” दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “ताप. आता बरा आहे.” हा कागद त्यानं छापून शर्टाच्या खिशात ठेवला. गणवेश धुवायला टाकताना तेवढा काढून घ्यायचा.

जहाजावरची वीज केळी थंड ठेवण्यात जायची, म्हणून दिवसाला एकच निरोप जायचा आणि एकच यायचा, दोनशे अक्षरांचा. शिवाय शिकरण प्रकरणापासून सभासदांचा कोणावर विश्वास उरला नव्हता. जाणारा-येणारा प्रत्येक निरोप संस्थेच्या फलकावर चारशे बारा जणांना दिसायचा. अशा लाइनवर माणूस काय बोलणार?

फोन मुंबईला पोचल्यावर लागत असे. तिथं चार दिवस मुक्काम असे. ते चारही दिवस भाग्येश तिचं नाव उघडून बघायचा आणि उद्या करू म्हणायचा. उद्या चार झाले की जहाज सुटायचं. गावात त्याचं कोणी उरलं नव्हतं. आईवडील भुसावळला भावाकडे, आणि भाऊ फोनवर फक्त तापमान सांगायचा.

पहिल्या फेरीला निघायच्या आधी हिमानीनं त्याला बांधावर गाठलं होतं.

“घरी स्थळं येऊन राह्यली,” ती म्हणाली होती. “तुले काही बोलायचं असंल तं बोल.”

“ही फेरी होऊ दे,” भाग्येश म्हणाला होता. “मग निवांत बोलू.”

तिनं मान डोलवली आणि विळ्यानं एका पानाचं टोक छाटलं. त्या पानाला करपा नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ही चौथी फेरी.

* * *

भंडारी बाबल तारी, म्हणजे जहाजाचा स्वयंपाकी, कणीक मळत होता. भाग्येश कागद-पेन्सिल घेऊन समोर बसला.

“तात्या, केळीच्या एका पानात किती माणसं जेवतात?”

“आमच्याकडे एक. तुमच्याकडे खातत किती तेच्यावर आसा.”

“टोक सोडून बाकीच्याचे तुकडे केले तर?”

“मोठा पान आसात तर चार जण.” बाबलनं कणकेला बुक्की मारली. “कोणाचा लगीन?”

“तेच काढतोय.”

सात नंबरच्या कप्प्यात एकशे चौऱ्याऐंशी खोकी होती, म्हणजे ब्याण्णव झाडांचे घड. भाग्येशनं वीस खोक्यांतली केळी वाचली होती आणि सगळ्यांची पायरी एकाच दिवशी, एकाच उंचीची होती: झाडामागे तीन पानं, सगळी निरोगी. तीन गुणिले ब्याण्णव, दोनशे शहात्तर. चोक अकराशे चार.

“अकराशे चार माणसं,” तो म्हणाला.

थंडीत त्यांच्याकडे शेतात भरीत पार्ट्या व्हायच्या, कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, जेवायला केळीचं पान. पण भरीत पार्टीला फार तर शंभर माणूस. लग्न म्हटलं तर तीन हजारांच्या खाली गेलं की लोक विचारतात, काही बिनसलंय का. हजार-अकराशे म्हणजे साखरपुडा. गणितानं दुसरं काही निघतच नव्हतं. आणि अण्णांच्या घरात लग्नाचं माणूस एकच होतं.

“शिवाय निर्यातीच्या प्लॉटातली पानं,” भाग्येश कागदाकडे बघत म्हणाला. “अण्णा पाहुण्यांना स्टीलच्या ताटात वाढतात. घडावरच्या झाडाचं पान कोणी तोडलं तर त्याच्याशी महिनाभर बोलत नाहीत. पानं हवीत तर पिलबागेतली, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलांची, घ्या म्हणतात, तिला अजून फूल नसतं.”

“मगे कोणी कापल्यान?”

भाग्येशनं पेन्सिल खाली ठेवली. बाबलनं एक पोळी त्याच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाला, “गप जेव.”

* * *

नियम पाच असा होता की कप्प्याला करपा ठरला तर तो माल समुद्रात जायचा आणि प्लॉट दोन वर्षं निर्यातीतून बाद व्हायचा. पण पानं माणसानं कापली असतील, आणि उत्पादकानं कारण लेखी दिलं, आणि वाचकानं ते खरं ठरवलं, तर फक्त माल जायचा. प्लॉट वाचायचा. नोंद पाच दिवसांत पुरी करायची.

भाग्येशनं नवव्या दिवशीच निरोप पाठवला: “कप्पा सात. सातव्या आठवड्यात ९२ झाडांची तीन-तीन निरोगी पानं एका दिवसात गेली. करपा नाही. कारण कळवावे. – भा. झोपे, वाचक.”

दहाव्या दिवशी उत्तर आलं. “पाने कापली. कोणी: मी. कारण: घरगुती कार्यक्रम. पंगत ११००. – हि. फिरके, क्षेत्र अधिकारी.”

चार माणसं आली नसावीत, एवढंच भाग्येशच्या डोक्यात आलं. मग त्यानं लिहिलं: “कार्यक्रमाचे स्वरूप कळवावे.”

नियमात स्वरूप विचारायची गरज नव्हती. हे त्याला माहीत होतं आणि आता चारशे बारा जणांनाही.

अकराव्या दिवशी: “साखरपुडा. माझा. मुलगा नाशिकला दातांचा डॉक्टर. लग्न वैशाखात. वाचकाला काही म्हणायचे असल्यास नोंद पुरी होण्याआधी म्हणावे. पुन्हा विचारणार नाही. कप्पा सात दाराशीच ठेवला आहे.”

भाग्येशनं नियमावली काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचकानं साखरपुड्याविषयी काही म्हणावं असा नियम कुठं नव्हता. मग तो खाली तळात गेला. सात नंबरचा कप्पा खरोखर दाराशी होता. सगळ्यात शेवटी भरलेला, बाकीच्यांना धक्का न लावता दहा मिनिटांत बाहेर काढता येईल असा. भरण्याचा क्रम क्षेत्र अधिकारी ठरवते. तिनं पानं कापली तेव्हाच तिला ठाऊक होतं की ही केळी जहाजावर पिकणार, आणि हेही ठाऊक होतं की त्याआधी ती कोणीतरी वाचणार.

तो खोक्यांना पाठ लावून बराच वेळ बसला. तिथं तेरा अंश होतं. त्याला घाम आला होता.

मग त्याला नियम सहा आठवला, आणि तो उठून उभा राहिला.

शिकरण झालेल्या जहाजावरच्या वाचकानं करपलेली केळी उत्तम म्हणून लिहिली होती, कारण ती त्याच्या होणाऱ्या सासऱ्याची होती. म्हणून नियम सहा: वाचक हा उत्पादकाचा नातेवाईक, भावी नातेवाईक किंवा कोणत्याही प्रकारे हितसंबंधी असता कामा नये. असल्यास त्याचं वाचन रद्द, आणि वाचन रद्द म्हणजे करपा गृहीत.

हिशेब सरळ होता. गप्प राहिलं तर प्लॉट वाचतो आणि हिमानी नाशिकला जाते. तोंड उघडलं तर तिनं तीन वर्षं एकेक पान जपून उभा केलेला प्लॉट त्याच दिवशी बाद. भाग्येशला मनापासून वाटलं की गप्प राहणं हेच खरं प्रेम. असं वाटल्यावर त्याला जरा हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली.

बाराव्या दिवसाच्या निरोपावर प्रल्हादअण्णांचं नाव होतं. “झोपे, चौघांत काय ते बोलणं चाललंय समजत नाही. प्लॉट पोरीचा आहे. उन्हातान्हात राबली. तुला जेवू घातलंय आम्ही. काय लिहायचं ते विचार करून लिही. – प्रल्हाद फिरके.”

दोनशेच्या आत बसवायला त्यांनी बरंच खोडलं असणार. भाग्येशला अण्णांचा चष्मा दिसला, आणि अंगठ्यानं एकेक अक्षर शोधणारा त्यांचा हात.

* * *

“तर मग गप्प बसणार तू,” कॅप्टन म्हणाले. तेराव्या दिवशी जहाज तांबड्या समुद्रात शिरलं होतं आणि वारा पडला होता. शिडं आपली आपण वळून वारा शोधत होती.

“तिच्या भल्यासाठी,” भाग्येश म्हणाला.

“हं.” कॅप्टननी कठड्यावर कोपर टेकले. “आमच्या दाभोळात एक जण होता. बायकोच्या भल्यासाठी आखातात राहिला. सव्वीस वर्षं. बायको म्हणायची, एवढं भलं मला झेपत नाही.”

“कॅप्टन, दोन वर्षं प्लॉट बाद होईल. तिला कल्पना नाही की...”

“कशाची नाही? नियमाची?”

“हो.”

“नियमावली कोणी लिहिली?”

“समितीनं.”

“समितीत सगळे तुझ्या अण्णांच्या वयाचे. लिहायला कोण बसलं होतं?”

समितीची बैठक फिरक्यांच्याच ओसरीवर झाली होती. सात म्हातारे एकाच वेळी बोलत होते आणि हिमानी मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करत होती. ‘भावी नातेवाईक’ हे शब्द आले तेव्हा तिनं मान वर करून विचारलं होतं, “काका, पण भावी म्हणजे कधीपासून धरायचं?” म्हाताऱ्यांनी त्यावर पाऊण तास वाद घातला. तेव्हा भाग्येश दाराशी पोह्यांची बशी घेऊन उभा होता. शेवटी तिनंच वाक्यात घातलं, ‘किंवा कोणत्याही प्रकारे हितसंबंधी’. म्हणजे कोणी सुटायला नको, असं म्हणाली होती.

“तिनंच टाइप केली,” तो म्हणाला.

“मग तिला किंमत ठाऊक आहे. तिनं ती मोजून ठेवलीय, दाराशी.” कॅप्टननी टोपी काढली, घातली. “तुला ती भरायला कोणी सांगितलेलं नाही, झोपे. तुला फक्त तोंड उघडायला सांगितलंय. आता नसेल उघडायचं तर नको उघडू. पण तिच्या भल्यासाठी असं म्हणू नको. माझ्या जहाजावर तरी म्हणू नको.”

भाग्येशला त्या क्षणी कॅप्टनचा भयंकर राग आला. जेवणापर्यंत तो टिकला. पुढे टिकवायला त्याला कारण सापडेना.

* * *

चौदाव्या दिवशी सकाळी तो लाइनच्या खोलीत बसला. आधी त्यानं अठ्ठ्याण्णव अक्षरांचा एक निरोप लिहिला, ज्यात सगळं होतं आणि काहीच नव्हतं. तो पुसला. मग एक लिहिला ज्यात ‘चंद्र’ हा शब्द आला, तो घाईघाईनं पुसला. शेवटी त्याला आपली नेहमीची भाषाच बरी वाटली, तीत तरी तो पाच वर्षं खोटं बोलला नव्हता.

“कप्पा सात. करपा नाही, पाने हाताने कापलेली. परंतु हे वाचन नियम सहाप्रमाणे रद्द समजावे. वाचक हितसंबंधी आहे. पाच वर्षांपासून. साखरपुड्याला हरकत आहे. फार उशीर झाल्यास क्षमा असावी. – भाग्येश.”

दोनशेच्या आत बसलं. नावापुढे वाचक लिहायचं तो विसरला, की नाही विसरला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बटण दाबलं. लाइनवर हिरवा दिवा लागला आणि विझला. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढाच दिवा होता.

दुपारी सगळ्यांनी मिळून सात नंबरची खोकी वर डेकवर आणली. नियमाप्रमाणे मालाची विल्हेवाट समुद्रात लावायची. बाबल म्हणाला, हिरवी केळी समुद्रात टाकणारा माणूस माका दाखवा. कॅप्टननी नियमावली बघितली आणि जाहीर केलं की विल्हेवाटीला मुदत दिलेली नाही, तेव्हा आधी पिकू देत. एकशे चौऱ्याऐंशी खोकी तांबड्या समुद्राच्या उन्हात ओळीनं मांडली गेली. भाग्येशनं सवयीनं ती मोजली. पलीकडून कोणी एकशे पंच्याऐंशी म्हणालं नाही.

पंधराव्या दिवशीचा निरोप तिचा असेल म्हणून तो पहाटेपासून लाइनच्या खोलीत होता. निरोप आला. “कोण हा भाग्येश? कोणाचा? – गोपाळ चुडामण बोरोले, सभासद क्र. २८८.”

सोळाव्या दिवशी: “दातांचा डॉक्टर मुलगा चांगला होता. घाई केली. पण पोरीचा प्लॉट बाद करू नये, ठराव मांडतो. – सभासद क्र. ५७.”

वाचन रद्द झाल्यामुळे आता त्या दोघांतलं बोलणं संस्थेच्या कामात मोडत नव्हतं, खासगी झालं होतं. आणि खासगी निरोप साध्या रांगेत लागतात, आला त्या क्रमानं, दिवसाला एक. चौदाव्या दिवशी दुपारी फलकावर भाग्येशची हरकत झळकली आणि चारशे बारापैकी ज्यांच्या हाती त्या वेळी फोन होता त्या सगळ्यांना काहीतरी म्हणायचं होतं. हिमानीच्या हाती नव्हता. गुरुवार होता. ती संध्याकाळपर्यंत प्लॉट चारमध्ये होती, आता निर्यातीतून बाद झालेल्या झाडांची करपलेली टोकं छाटत.

हे भाग्येशला कॅप्टननी रांगेची यादी दाखवली तेव्हा कळलं. यादीत मजकूर दिसत नसे. दिसायचं ते एवढंच: पाठवणाऱ्याचं नाव, वेळ, आणि अक्षरांची संख्या. सर्वांत वर सभासद क्रमांक एकशे नऊ, बावीस अक्षरं. त्याखाली अण्णा, दहा अक्षरं. ती कोणती असतील याचा अंदाज बाबलनं मोठ्यानं केला आणि कॅप्टननी त्याला भांडारात पाठवलं. मग आणखी आठ नावं. अकराव्या जागी हिमानी फिरके, सायंकाळी सात वाजून चार मिनिटं.

“अकरावी,” कॅप्टननी बोटावर मोजलं. “म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी. त्रिएस्तेच्या आदल्या दिवशी.”

“काही पुढे घेता येईल?”

“नियम आहे.”

तेवढ्यात भाग्येशचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. पाच वर्षांत तिनं त्याला पाठवलेल्या निरोपांत चाळिसाच्या वर अक्षरं क्वचित गेली होती. ताप आला तेव्हा तर तिला दहासुद्धा लागली नव्हती. तिच्या नावापुढे आकडा होता दोनशे. काठोकाठ.

“नाही म्हणायला,” कॅप्टन सावकाश म्हणाले, “एवढं लागत नाही.”

“शिव्या द्यायला लागतं,” भाग्येश म्हणाला.

“त्याला लागतं,” कॅप्टननी कबूल केलं.

मग दोघं बाहेर आले. वारा पुन्हा धरला होता. डेकवरच्या खोक्यांतून, अजून एकही केळं पिवळं दिसत नसताना, पिकल्याचा वास यायला लागला होता. जहाज ताशी सात मैलांनी उत्तरेला चाललं होतं, म्हणजे तिच्यापासून रोज आणखी पावणेदोनशे मैल लांब, आणि तिच्या निरोपाच्या रोज एक दिवस जवळ. भाग्येश मागच्या बाजूला कठड्याशी गेला, जिकडून आले होते तिकडे तोंड करून उभा राहिला, आणि तिनं दोनशे अक्षरांत काय काय बसवलं असेल ते एकापासून मोजायला लागला.